बिनविरोध नैराश्यग्रस्त

बाळंतिणीच्या पाठीशी अख्खा समाज उभा असतो, हे आपल्या संस्कृतीचं मोठं वैशिष्ट्य आहे. कोपरखैरण्याच्या 'सागरलक्ष्मी सहकारी गृहनिर्माण संस्थे'त हा समाज एका रविवारी सकाळी दहा वाजता सदनिका क्रमांक बी-३०४ च्या दारात उभा राहिला. समाजात एकूण अकरा जण होते आणि त्यातल्या तिघांना चहा बिनसाखरेचा लागत होता.

चहा करायला राजनंदिनी उठली. बाळंतीण तीच होती.

बाळंतपणाला त्या दिवशी साडेसहा आठवडे झाले होते. एवढ्या दिवसांतली तिची सलग झोपेची सर्वोच्च कामगिरी एक तास चाळीस मिनिटं होती. बाळ झोपत नव्हतं असं नाही. बाळ झोपलं की राजनंदिनी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसे. श्वास लागला की बोट काढी, मग आपल्याला नुसता भास झाला असेल म्हणून पुन्हा धरी. खिडकीला जाळी होती, जाळीबाहेर ग्रिल होतं, तरी बाळाला घेऊन ती खिडकीच्या बाजूने जात नसे. दुपटी वाळत घालताना तिला रडू येई. दुपट्यांनी तिचं काही बिघडवलेलं नव्हतं. बाळाला कुशीत घेतलं की आत काहीतरी भरून येतं, असं सगळ्याजणी सांगत. तिच्या आत काही आलेलं नव्हतं, आणि ते सांगायची सोय उरली नव्हती, कारण सगळ्यांनी आधीच अभिनंदन करून टाकलं होतं.

दोनच दिवसांपूर्वी ती बाळाला दीड महिन्याची लस द्यायला गेली होती. तिथल्या नर्सबाईंनी बाळाला टोचता टोचता सहज विचारलं, "आणि तुम्ही झोपता का?" त्यावर बाळाच्या आधी राजनंदिनीच रडली. नर्सबाईंनी तिला बाकावर बसवलं आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं: महापालिका रुग्णालय, खोली नंबर चौदा, मंगळवार आणि शुक्रवार, नऊ ते एक.

"तिथे मनाचे डॉक्टर बसतात. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं हे, औषधाने बरंही होतं. केसपेपर काढायचा आणि जायचं. घाबरू नका, पण लांबवू नका."

राजनंदिनीने ती चिठ्ठी बाळाच्या लसीच्या कार्डात ठेवली. घरात तेवढा एकच कागद असा होता की जो कुणी टाकून देणार नव्हतं.

म्हणजे काम एका रिक्षाचं आणि एका केसपेपरचं होतं. त्याला पुढे महिना लागला, कारण मधे सोसायटीने तिला आधार द्यायला घेतला.

त्याचं असं झालं. शहरातल्या सोसायट्यांच्या एका महासंघाने 'प्रसन्न माता, प्रसन्न संकुल' नावाची स्पर्धा जाहीर केली. नियम सोपे होते. संकुलातली प्रसूतिपश्चात नैराश्याने ग्रासलेली माता ओळखायची, तिला तीस दिवस आधार द्यायचा आणि ती प्रसन्न झाल्याचे आधीचे व नंतरचे फोटो जोडायचे. कचरा वर्गीकरणात सागरलक्ष्मीचा नंबर मागच्या वर्षी थोडक्यात हुकला होता, त्यामुळे कमिटी पेटून उठली.

अध्यक्ष गोटीरामशेठ मूळचे शेजारच्या बोनकोडे गावचे. सोसायटीचं पार्किंग आज जिथे आहे तिथे आपल्या आजोबांचा भात पिकायचा, असं ते सांगत आणि गाडी आडवी लावत. मनाने दिलदार माणूस. सचिव संध्याताई एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झाल्या होत्या. कागदावर नंबर पडल्याशिवाय जगात काही घडतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

चौऱ्याऐंशी सदनिकांत गेल्या सहा महिन्यांत बाळंत झालेली एकच बाई निघाली. सी विंगमध्ये एक होती, पण ती बाळंतपणाला माहेरी गेल्यामुळे तिचं नैराश्य दुसऱ्या संकुलाच्या हद्दीत जात होतं. तेव्हा राजनंदिनी.

तर त्या रविवारी अकरा जण बसले, संध्याताईंनी दहा प्रश्नांचा छापील फॉर्म काढला आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं: 'माहिती कुटुंबप्रमुखाकडून घेतली.' असं फॉर्ममध्ये कुठे म्हटलेलं नव्हतं, पण बत्तीस वर्षांत त्यांनी माहिती दुसऱ्या कुणाकडून घेतलीच नव्हती. कुटुंबप्रमुख, म्हणजे सासरे भैरूआबा, साताऱ्याकडे गावच्या जत्रेला गेलेले. नवरा यशराज तळोज्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला. राहिल्या सासूबाई, बाळाबाई.

"गेल्या सात दिवसांत मातेला हसू येत होतं का?" संध्याताईंनी विचारलं.

"येतंय की," बाळाबाई म्हणाल्या. "तुमास्नी बघून आत्ताच हसली न्हवं?"

"रडू येतं?"

"कुणाला?"

"तुमच्या सूनबाईंना."

"येळ कुटाय तिला."

संध्याताईंनी 'नाही'वर खूण केली. "विनाकारण भीती वाटते?"

"भ्या कशाचं? आमी हाय की घरात."

"काही बिनसलं की स्वतःला दोष देतात?"

"त्यो द्यायला मी हाय," बाळाबाई समाधानाने म्हणाल्या.

राजनंदिनी स्वयंपाकघरात हे ऐकत होती. तिला बाहेर येऊन दुसऱ्या प्रश्नापासून पुढची उत्तरं बदलायची होती. पण हातात ट्रे होता, आणि ट्रे घेऊन आलेल्या बाईला लोक फक्त साखरेबद्दल विचारतात. तिने अकरा जणांना हसून चहा दिला. ते हसूही फॉर्ममध्ये धरलं गेलं.

तीसपैकी शून्य गुण पडले. शून्य म्हणजे माता ठणठणीत. स्पर्धेच्या दृष्टीने परिस्थिती गंभीर होती.

त्याच रात्री कमिटीची तातडीची सभा झाली. झीरोवर आपला नंबर कसा लागेल, हा गोटीरामशेठचा सवाल होता. एका सभासदाने सुचवलं की मुलीलाच एकदा विचारून पाहावं. संध्याताई म्हणाल्या की माहिती एकदा आवक झाल्यावर पुन्हा मागवता येत नाही, मात्र सभा आपल्या अधिकारात ठराव करू शकते. मग ठराव झाला: 'सदनिका क्र. बी-३०४ मधील माता नैराश्यग्रस्त असल्याचे ही सभा सर्वानुमते मान्य करीत आहे.' सूचक, अनुमोदक, टाळ्या. दुसरी उमेदवार नसल्याने निवड बिनविरोध झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली गेलेल्या राजनंदिनीने ही बातमी नोटीस बोर्डावर वाचली. टाकी सफाईच्या नोटिशीखाली आणि गणपतीच्या वर्गणीवर ती लावलेली होती. तिने ती दोनदा वाचली. खरं सांगायचं तर तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी साडेसहा आठवड्यांत प्रथमच तिच्या छातीवरचं ओझं वीतभर सरकलं. कुणालातरी कळलं होतं. कुणीतरी ते शब्दांत लिहून, सही करून, काचेच्या आत लावलं होतं. उद्या मंगळवारच आहे, आता सांगितलं तर कुणी नाही म्हणणार नाही, असं मनाशी ठरवत ती खालच्या ओळीवर आली. खालच्या ओळीत आधार समितीचं वेळापत्रक होतं.

आधार सदनिकेच्या अनुक्रमाने द्यायचा होता. ए-१०१ पासून सुरुवात, रोज तीन कुटुंबं, प्रत्येकी पंचवीस मिनिटं. मंगळवारी सकाळी ती पायात चप्पल घालून, चिठ्ठी घेऊन दारात उभी राहिली तर समोर ए-१०१ डिंकाचे लाडू घेऊन उभं. आमचा नंबर आज आहे, ते म्हणाले. ती परत आत गेली आणि चहा ठेवला.

आधार देणाऱ्यांचं एक होतं, रिकाम्या हाताने कुणी आलं नाही. प्रत्येक जण लाडू आणि एक आठवण घेऊन आला. ए-१०३ च्या आजोबांनी सांगितलं की त्यांची आई नऊ बाळंतपणांनंतर प्रत्येक वेळी तिसऱ्या दिवशी मिठागरावर जायची. त्या आईला कसं वाटायचं, असं राजनंदिनीने विचारलं, तेव्हा आजोबा म्हणाले की ती फारशी बोलायची नाही. ए-२०२ ने बाळाला काजळ नाही म्हणून हळहळ केली, ए-२०४ ने आहे म्हणून. सगळ्यांनी बाळाची चौकशी केली, बाळाच्या दुधाची केली, शी-शूची तर फारच सविस्तर केली. जाताना प्रत्येकाने 'आनंदी राहायचं बरं का, बाळावर परिणाम होतो' असं बजावलं. त्यामुळे आधी नुसतं दुःखी असलेल्या राजनंदिनीला आता दुःखी असल्याची भीतीही वाटू लागली.

आधारामुळे घरात वर्दळ वाढली, वर्दळीमुळे बाळ दुपारी झोपेनासं झालं, झोप न झाल्यामुळे रडू लागलं, आणि ए विंगमधल्या तिघांनी तक्रार केली. संध्याताईंनी त्याच दिवशी दोन पत्रं पाठवली. जावक क्रमांक १४२ मध्ये संस्था मातेच्या पाठीशी खंबीर असल्याचं कळवलं होतं. जावक क्रमांक १४३ मध्ये दुपारी दोन ते चार या वेळेत अर्भकाचा आवाज नियंत्रित ठेवण्याबद्दल समज दिली होती.

पुढचा शुक्रवार 'आधीच्या' फोटोत गेला. गोटीरामशेठचा पुतण्या कुंदन लग्नाचे फोटो काढायचा. तो सकाळी नऊलाच छत्री, लाइट वगैरे घेऊन आला. राजनंदिनीला सोफ्यावर बसवलं, बाळ मांडीवर दिलं. एवढ्या दिवसांत कुणीही समोर आलं की हसायची तिला इतकी सवय झाली होती की ती हसली. फोटो झकास आला. कुंदनने स्क्रीन बघून मान हलवली.

"वैनी, असा नाय चालनार. तुमी डिप्रेशनमधी हाव ना? जरा सॅड लूक द्या."

तिने प्रयत्न केला. हसू जाईना.

"काही आठवा ना वैनी. काय वाईट."

राजनंदिनीने आठवलं नाही, नुसतं आवरून धरलेलं सोडलं. मग तिला इतकं रडू आलं की मांडीवरचं बाळ हलू लागलं. कुंदनने चार बाजूंनी बारा फोटो काढले. "एक नंबर वैनी," तो मनापासून म्हणाला. "फुल नॅचरल." त्याने छत्री मिटली, लाइट बंद केला, आणि सगळे खाली गेले. राजनंदिनी अजून रडतच होती, पण फोटो मिळाला होता.

मधले मंगळवार-शुक्रवार आधार देणाऱ्यांच्या चहात गेले. भजनी मंडळाने आपली सेवा चौथ्या मंगळवारी दिली. सकाळी वाद्यं लावायची, म्हणून घर नऊपासून ताब्यात घेतलं. प्रत्यक्ष भजन दुपारी तीनला सुरू झालं. सोळा बायका, पेटी, ढोलकी आणि एकच हॉल. मंडळ रंगात आलं तेव्हा राजनंदिनीने बाळाला खांद्याशी घेतलं आणि जिना उतरून ती पार्किंगमध्ये पंपाच्या खोलीमागे जाऊन उभी राहिली. तिथे आधीच कुणीतरी मोटरसायकलवर बसलेलं होतं. डोक्यात हेल्मेट, काच खाली ओढलेली.

"अहो?" ती म्हणाली.

यशराजने काच वर केली. "तू इथं काय करतीयस?"

"तुम्ही काय करताय? पाळी कधीच सुटली ना?"

त्याने उत्तर टाळून वर बोट केलं. "किती जण आहेत?"

"सोळा. शिवाय पेटी."

 मग त्याने सांगितलं की तो रोज इथे बसतो, वीस मिनिटं, कधी पाऊण तास. मागच्या आठवड्यात त्याला 'पार्किंगमध्ये विनापरवाना बसून राहण्या'बद्दल नोटीसही आली होती. ती त्याने हेल्मेटच्या पिशवीत लपवली होती.

"कंपनीत ॲसिडचे व्हॉल्व्ह उघडतो, हात थरथरत नाही," तो म्हणाला. "ह्याला उचलायचं म्हटलं की थरथरतो. वाटतं, माझ्या हातनं काहीतरी होणार. तुला सगळं जमतंय, आणि मी हा असा. काय सांगणार?"

"मला जमतंय?" राजनंदिनीने विचारलं. मग तिने बोट, श्वास, खिडकी, दुपटी हे सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं: कधीकधी वाटतं, हे बाळ दुसऱ्या कुणा बाईकडे असतं तर त्याचं बरं झालं असतं. हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की यशराज गाडीवरून उतरला आणि त्याने हेल्मेट काढलं. तिने लसीच्या कार्डातली चिठ्ठी पुढे केली.

त्याने वाचली. "हा शुक्रवार तरी नाही जमायचा. सोसायटीचा सत्कार-सोहळा आहे. पाहुणे येणारेत."

"डॉक्टर पण शुक्रवारीच येणारेत."

वर टाळ वाजत होते. यशराजने चिठ्ठीची घडी घातली आणि या वेळी ती स्वतःच्या खिशात ठेवली.

शुक्रवारी 'प्रसन्न माता सोहळा' सकाळी दहाला होता. मंडप पडला होता, महासंघाचे पाहुणे यायचे होते, आणि साडेआठला यशराज आणि राजनंदिनी बाळाला घेऊन गेटपाशी अडवले गेले. सत्कारमूर्ती कुठे निघाली, असं संध्याताईंनी विचारलं. बाईला बरं नाही म्हणून डॉक्टरकडे, असं सांगितलं असतं तर सोहळा उरकून दुपारी जा, हे उत्तर ठरलेलं होतं. यशराजने हे मंगळवारपासून विचार करून ठेवलं होतं.

"बाळाची लस आहे," तो म्हणाला.

गेट उघडलं. गोटीरामशेठने स्वतःची गाडी काढली, आडवी होती ती सरळ केली, ड्रायव्हर दिला. बाळाबाईंनी धावत येऊन बाळाच्या डोक्यावर टोपडं चढवलं. संध्याताईंनी सुद्धा हालचाल नोंदवहीत सही मागितली नाही. लेकराच्या बाबतीत हयगय नको, असं गोटीरामशेठने ड्रायव्हरला दोनदा बजावलं.

पाहुण्यांची वेळ ठरलेली असल्याने सोहळा पुढे ढकलता येत नव्हता. माता नव्हती, पण शाल होती, नारळ होता, खुर्ची होती. कमिटीने ए विंगमधल्या उज्ज्वला नावाच्या गृहिणीला खुर्चीत बसवलं. त्यांचा मुलगा बारावीला होता, पण मातृत्वाला मुदत नसते, असं संध्याताईंचं मत पडलं. उज्ज्वलाबाईंना शाल घातली, माइक दिला आणि दोन शब्द आनंदाचे बोला म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या की मुलगा तीन महिन्यांचा होता तेव्हा त्या रोज दुपारी बाथरूममध्ये नळ सोडून बसायच्या, आणि पाणी वाया जातं म्हणून घरात बोलणी खायच्या. हे बोलायला त्यांना पाऊण मिनिट लागलं. नंतर त्या अकरा मिनिटं रडल्या. इतिवृत्तात 'आनंदाश्रू' अशी नोंद झाली.

इकडे खोली नंबर चौदासमोर बाकावर राजनंदिनीच्या पुढे चार जणी होत्या. चौघींपैकी तिघींच्या मांडीवर बाळ होतं. सव्वादहाला तिचा नंबर लागला. टेबलामागे साधारण चाळिशीच्या डॉक्टरबाई होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कशा आहात?"

"बरं आहे बाळ," राजनंदिनी म्हणाली. "वजन वाढलंय. दूध पितं नीट."

"मी बाळाचं नाही विचारलं."

 मग पंचवीस मिनिटं राजनंदिनीच बोलली, आणि कुणी तिला आठवण सांगितली नाही. डॉक्टरबाईंनी मधेच यशराजलाही विचारलं, तुमचं काय. तो म्हणाला, माझं काही नाही, आणि पार्किंगचं सगळं सांगून मोकळा झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आजार आहे, स्वभाव नाही. आईपण कमी पडल्याची ही शिक्षाही नाही. बापालाही होतो. औषध आहे, अंगावर पाजत असताना चालणारं आहे, दर आठवड्याला येऊन बोलायचं आहे. आणि सलग चार तास झोप पाहिजे, तेवढा वेळ बाळ दुसऱ्याने बघायचं, तुम्ही उठायचं नाही.

"ते कठीण आहे," यशराज म्हणाला. "घरी लोक येतात."

"पाहुणे?"

"पाहुणे नाहीत. आधार समिती आहे."

डॉक्टरबाईंनी केसपेपरवर एक ओळ आणखी लिहिली, खाली सही केली आणि शिक्का मारला. ती ओळ होती: 'समिती बंद.'

तो केसपेपर यशराजने झेरॉक्स काढून संध्याताईंना दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, शिक्का उजेडात धरून तपासला, गोल आणि सरकारी असल्याची खात्री करून घेतली आणि आवक नोंदवहीत चढवला. त्या दिवसापासून बी-३०४ मध्ये कुणी आलं नाही. बाईने सांगून जे झालं नसतं ते शिक्क्याने झालं. दुपारी दोन ते सहा बाळ आता बाळाबाईंकडे असतं. 'आमच्या वेळंला असलं काय न्हवतं,' असं म्हणत त्या बाळ घेतात, पण सून झोपली की टीव्हीचा आवाज बंद करतात. यशराज पार्किंगमध्ये अजून बसतो, पण पाच मिनिटंच. राजनंदिनी बाळाच्या नाकाखाली बोट धरायची अजून पूर्ण थांबलेली नाही. दुपटी मात्र ती न रडता वाळत घालते, बहुतेक दिवस.

स्पर्धेत 'नंतरचा' फोटो राहिला होता, त्यावर कुंदनने तोडगा काढला. पहिल्या शुक्रवारी नापास झालेला हसरा फोटो त्याच्याकडे होताच. 'आधीच्या' फोटोच्या दहा मिनिटं आधी काढलेला तो फोटो 'नंतरचा' म्हणून जोडला गेला, आणि आधारामुळे मातेत झालेला बदल पाहून परीक्षकही हेलावले, असं म्हणतात.

सागरलक्ष्मीला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला नेरूळच्या एका सोसायटीला गेला, तिथे नैराश्यग्रस्त मातांचं प्रमाण शून्य टक्के आढळलं. त्या सोसायटीत घर घेण्यासाठी वयाची किमान अट साठ वर्षं आहे.